रासप कुणाबरोबर?

मार्च २०२४. लोकसभेची निवडणूक जाहीर झाली होती आणि माढा मतदारसंघात राष्ट्रीय समाज पक्षाचे संस्थापक महादेव जानकर महाविकास आघाडीचे उमेदवार होणार, हे जवळपास ठरल्यासारखे होते. त्यांच्यासाठी जागा सोडायची तयारी शरद पवारांनी दाखवली होती. माण, फलटण, सांगोला, माळशिरस या पट्ट्यातल्या धनगर मतदाराचा कौल आता आघाडीकडे झुकणार, असे हिशेब मांडले जाऊ लागले. महिना संपायच्या आत चित्र पालटले. जानकर देवेंद्र फडणवीसांना भेटले, भाजपच्या महायुतीत परतले आणि माढ्याऐवजी थेट मराठवाड्यात, परभणीत उमेदवार म्हणून उभे राहिले. तिथे ते ठाकरे गटाच्या संजय जाधव यांच्याकडून १ लाख ३४ हजार मतांनी हरले. विधानसभेची निवडणूक आली तोवर त्यांनी महायुतीही सोडली होती.

एका वर्षात तीन दिशा. यावर ‘याला कोलांटउडी म्हणतात’ असा शेरा मारणे सोपे आहे, पण त्याने काही कळत नाही. राष्ट्रीय समाज पक्ष, म्हणजे रासप, हा गेली दोन दशके सातारा, सांगली, सोलापूर या दुष्काळी पट्ट्याच्या राजकारणात सतत असलेला पक्ष. उजव्या आघाडीतला छोटा भिडू अशी त्याची ओळख झाली, कारण त्याची सत्तेतली सगळी वर्षे भाजपच्या सोबतीने गेली. तो कुणाबरोबर जातो, का जातो आणि परत का फिरतो, हे समजले तर महाराष्ट्रातल्या युतीचे राजकारण आतून कसे चालते तेही समजते.

पक्षाची मुळे माणदेशात आहेत. जानकर सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या पळसावड्याचे. सांगलीत त्यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि नोकरीची वाट न धरता ते चळवळीत उतरले. त्या काळात धनगर समाजात बी. के. कोकरे यांची यशवंत सेना काम करत होती, आणि कांशीराम यांनी उत्तरेत उभ्या केलेल्या बहुजन राजकारणाचा प्रभाव महाराष्ट्रातल्या तरुणांवरही पडत होता. जानकर या दोन्ही धाग्यांतून घडले. पक्षाची सत्ता आल्याशिवाय घरी जायचे नाही आणि लग्न करायचे नाही, ही त्यांची प्रतिज्ञा कार्यकर्त्यांना तोंडपाठ आहे. २००३ साली त्यांनी राष्ट्रीय समाज पक्ष काढला. फुले, शाहू, आंबेडकर, अहिल्यादेवी होळकर आणि यशवंतराव होळकर ही या पक्षाची दैवते. कागदावरचा विचार पाहिला तर हा पक्ष उजवा म्हणावा असे फारसे काही सापडत नाही. तो उजवीकडे गेला तो निवडणुकीच्या वाटेने.

ही वाट का धरली, ते कळायला आधी मतदार पाहावा लागतो. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ हे सगळे पर्जन्यछायेतले तालुके. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘बनगरवाडी’त ज्या मेंढपाळांचे जग मराठी वाचकांसमोर आणले, ते याच मुलखातले. पाऊसकाळ सरला की इथले धनगर मेंढपाळ मेंढरे घेऊन बाहेर पडतात. घोड्यावर बिऱ्हाड, त्यावर बांधलेली कोकरे आणि कोंबड्या, पुढे मेंढरांचा कळप, मागे कुत्री. कृष्णाकाठच्या बागायती गावांत शेतकरी आपल्या रानात मेंढरे बसवून घेतात. रात्रभर कळप वावरात बसला की लेंड्यांचे खत मिळते, आणि त्याबदल्यात धनगराला धान्य किंवा पैसे मिळतात. पाऊस पडला की मेंढपाळांचा वाडा परत गावाकडे फिरतो.

आता लोकसभेचे मतदान होते एप्रिल-मे महिन्यात. त्या वेळी यातली बरीच घरे गावाबाहेर, परमुलखात असतात. मतदार यादीत नाव एका गावात आणि माणूस दुसऱ्या तालुक्यात. समाज मोठा, पण विखुरलेला. एका मतदारसंघात कधी तीस-चाळीस हजार मते, कधी त्याहून जास्त, तरी स्वबळावर आमदार निवडून यावा इतकी मते एका जागी क्वचितच. अशी मते जिंकून देत नाहीत. पण कुणाला पाडायचे, हे मात्र ती ठरवू शकतात. छोट्या पक्षाची सगळी किंमत या एका गोष्टीत आहे.

ती किंमत पहिल्यांदा दिसली २००९ मध्ये. मतदारसंघांच्या फेररचनेनंतर नव्याने तयार झालेल्या माढ्यातून खुद्द शरद पवार उभे राहिले. जानकर त्यांच्याविरुद्ध रासपतर्फे लढले. पवार तीन लाखांहून अधिक मतांनी विजयी झाले, भाजपचे सुभाष देशमुख दुसरे आले, आणि तिसऱ्या क्रमांकावरच्या जानकरांना मिळाली जवळपास ९९ हजार मते. ना साखर कारखाना, ना दूध संघ, ना जिल्हा बँक. तरी एवढी मते. त्याच वर्षी विधानसभेला लातूर जिल्ह्यातल्या अहमदपूरमधून बाबासाहेब पाटील रासपच्या तिकिटावर आमदार झाले. माढ्यातल्या मतांची नोंद मुंबईत आणि दिल्लीतही झाली असणार.

म्हणून २०१४ मध्ये गोपीनाथ मुंडे यांनी महायुतीची मोट बांधली तेव्हा रासप त्यात आला. रामदास आठवले यांचा रिपब्लिकन पक्ष, राजू शेट्टी यांची स्वाभिमानी शेतकरी संघटना, विनायक मेटे यांचा शिवसंग्राम आणि जानकरांचा रासप अशा छोट्या पक्षांना भाजप-शिवसेनेने सोबत घेतले. मुंडे स्वतः वंजारी समाजातले, ‘माधव’ म्हणजे माळी-धनगर-वंजारी या समीकरणाच्या शिल्पकारांपैकी एक. मराठा नेतृत्वाभोवती फिरणाऱ्या काँग्रेस-राष्ट्रवादीच्या सत्तेला ओबीसी आणि भटक्या जातींची बेरीज करून शह द्यायचा, हे त्यामागचे गणित होते. जानकरांना वाट्याला आली बारामती.

बारामतीची ती निवडणूक रासपच्या इतिहासातला सर्वांत मोठा क्षण ठरली. २००९ मध्ये सुप्रिया सुळे तिथून तीन लाख ३६ हजार मतांनी जिंकल्या होत्या. २०१४ च्या मतमोजणीत दौंड आणि खडकवासला या भागांत जानकर पुढे राहिले, आणि बारामती विधानसभा मतदारसंघातल्या मोठ्या आघाडीने सुळे यांना तारले. अंतिम आकडे होते सुळे ५ लाख २१ हजार, जानकर ४ लाख ५१ हजार. फरक ६९,७१९ मतांचा. भाजपच्या कमळ चिन्हावर लढले असते तर जिंकले असते, ही चर्चा निकालानंतर लगेच सुरू झाली. ती चर्चा वरवर साधी वाटते, पण रासपपुढचा पुढचा सगळा पेच त्यातच आहे.

चिन्हाचा नियम इथे समजून घ्यायला हवा. निवडणूक आयोगाची राज्य पक्ष म्हणून मान्यता मिळवायची तर विधानसभेला सहा टक्के मते आणि दोन आमदार, किंवा एकूण जागांच्या तीन टक्के जागा, यांसारखे निकष आहेत. महाराष्ट्रात २८८ जागांचे तीन टक्के म्हणजे नऊ आमदार. हे साधले नाही तर पक्ष ‘नोंदणीकृत, पण अमान्यताप्राप्त’ राहतो. त्याला कायमचे राखीव चिन्ह मिळत नाही. आयोगाच्या मुक्त चिन्हांतून एखादे घ्यावे लागते. परभणीत २०२४ ला जानकरांच्या वाट्याला शिट्टी आली. जिथे दोन पिढ्या घड्याळ, पंजा, कमळ पाहून बटण दाबतात, तिथे नव्याने मिळालेले चिन्ह पंधरा दिवसांत वाड्यावस्त्यांवर पोचवायचे म्हणजे मोठे काम. मोठा पक्ष अशा वेळी सोपा मार्ग सुचवतो: उमेदवार तुमचा, चिन्ह आमचे. उमेदवाराला ते परवडते. पक्षाला परवडत नाही, कारण निवडून आलेला माणूस कायद्याने त्या मोठ्या पक्षाचा आमदार होतो, आणि व्हीपही, म्हणजे पक्षादेशही, त्याच पक्षाचा लागू होतो.

जानकरांना हा धोका नीट ठाऊक होता. २०१८ मध्ये विधान परिषदेवर पुन्हा जायची वेळ आली तेव्हा त्यांनी भाजपचा एबी फॉर्म, म्हणजे अधिकृत उमेदवारीचे पत्र, घेतला नाही, रासपच्या नावावरच अर्ज भरला. पण नेत्याने स्वतःपुरते जे जपले, ते उमेदवारांच्या बाबतीत जपता आले नाही.

२०१४ च्या सप्टेंबरात भाजप-शिवसेना युती तुटली, तेव्हा महायुतीतल्या छोट्या पक्षांनी भाजपची बाजू धरली. विधानसभेत रासपचा एकच उमेदवार निवडून आला, दौंडचे राहुल कुल. साताऱ्यात माणमधून रासपने शेखर गोरे यांना उभे केले. त्यांच्यासमोर काँग्रेसचे जयकुमार गोरे, म्हणजे सख्खे भाऊ. जयकुमार जिंकले, शेखर दुसरे आले. पक्षाच्या संस्थापकाच्या तालुक्यात पक्षाला एवढी मते मिळाली ही जमेची बाजू. पण ती मते किती रासपची आणि किती गोरे घराण्यातल्या भांडणाची, हा प्रश्न राहिलाच. दोनच वर्षांत त्याचे उत्तर मिळाले. २०१६ च्या सांगली-सातारा स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघाच्या निवडणुकीत शेखर गोरे राष्ट्रवादीचे उमेदवार होते आणि काँग्रेसच्या मोहनराव कदमांनी त्यांचा पराभव केला. २०१९ ला ते माणमधून शिवसेनेतर्फे लढले. तोवर जयकुमार गोरे भाजपमध्ये गेले होते. आज तेच भाजपचे मंत्री आहेत.

असा उमेदवार छोट्या पक्षाला हवा असतो, कारण त्याच्याकडे माणसे आणि पैसा असतो. त्याला छोटा पक्ष हवा असतो, कारण मोठ्याने तिकीट नाकारलेले असते. मतमोजणी झाली की दोघांची गरज संपते.

जुलै २०१६ मध्ये जानकर कॅबिनेट मंत्री झाले. पशुसंवर्धन, दुग्धविकास आणि मत्स्यव्यवसाय ही खाती त्यांच्याकडे आली. मेंढपाळाच्या घरातला माणूस पशुसंवर्धन मंत्री झाला, ही माण-आटपाडीत खरोखर अभिमानाची गोष्ट होती. त्याच विस्तारात सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्याचे सदाभाऊ खोत कृषी राज्यमंत्री झाले. त्यांची गोष्ट रासपच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. ते स्वाभिमानीच्या कोट्यातून मंत्री झाले. वर्षभरात राजू शेट्टींशी त्यांचे बिनसले. ऑगस्ट २०१७ मध्ये संघटनेने त्यांना काढले आणि शेट्टींनी भाजपची साथ सोडली. खोत मात्र मंत्रिपदावर राहिले आणि त्यांनी रयत क्रांती संघटना काढली. संघटना गेली विरोधात, तिचा मंत्री राहिला सत्तेत. शेट्टींनी २०१९ ला काँग्रेस आघाडीसोबत निवडणूक लढवली आणि हातकणंगले गमावले. मोठ्या पक्षाशी झालेल्या युतीत छोट्या पक्षात फूट पडायची वाट कशी तयार होते, याचे सांगलीतले हे ठळक उदाहरण.

सत्तेच्या त्या पाच वर्षांत भाजपने आणखी एक काम शांतपणे केले. रासपवर अवलंबून राहावे लागू नये म्हणून स्वतःचे धनगर नेतृत्व उभे केले. चौंडीचे राम शिंदे मंत्री होते. नागपूरचे नेत्रतज्ज्ञ डॉ. विकास महात्मे २०१६ ला राज्यसभेवर गेले. सोलापूर विद्यापीठाला २०१९ मध्ये अहिल्यादेवींचे नाव मिळाले. धनगर समाजासाठी हजार कोटींच्या योजना जाहीर झाल्या. यातली प्रत्येक गोष्ट समाजाला हवी होती, आणि तिचे श्रेय थेट भाजपला जात होते.

२०१९ ला त्याचा परिणाम दिसला. बारामतीवर जानकरांचा दावा असताना तिकीट मिळाले राहुल कुल यांच्या पत्नी कांचन कुल यांना, कमळ चिन्हावर. त्या दीड लाखाहून अधिक मतांनी हरल्या. कमळावर नक्की जिंकता आले असते, हे गृहीतकही तिथेच खोटे ठरले. विधानसभेला दौंड आणि जिंतूर या रासपच्या वाट्याच्या जागांवर राहुल कुल आणि मेघना बोर्डीकर यांनी भाजपचे एबी फॉर्म भरले. आपली फसवणूक झाल्याचे जानकरांनी जाहीरपणे सांगितले, तरी महायुती सोडली नाही. त्या वेळी रासपच्या नावावर निवडून आले एकटे रत्नाकर गुट्टे, परभणीच्या गंगाखेडमधून, आणि तेही तुरुंगात असताना. माणदेशात मुळे असलेल्या पक्षाचा एकमेव आमदार आता मराठवाड्यात होता.

मग सांगलीतली धनगर मते कुठे गेली? त्याचे उत्तर गोपीचंद पडळकर यांच्या वाटचालीत सापडते. आटपाडी तालुक्यातले पडळकर सुरुवातीला रासपचेच. २००९ ला ते खानापूर-आटपाडीतून रासपतर्फे लढले. नंतर भाजप, मग आरक्षणाच्या मुद्द्यावर भाजपविरोधात आंदोलन. कवठेमहांकाळ तालुक्यातल्या आरेवाडीच्या बनात, बिरोबाच्या देवळापाशी धनगर समाजाचे मेळावे भरू लागले. बिरोबाची शपथ घालून भाजपला मत न देण्याचे आवाहन तिथे झाले. २०१९ च्या लोकसभेला पडळकर वंचित बहुजन आघाडीतर्फे सांगलीतून उभे राहिले आणि त्यांना तीन लाखांवर मते मिळाली. भाजपचे संजयकाका पाटील ५ लाख ८ हजारांवर मते घेऊन जिंकले. वसंतदादांचे नातू विशाल पाटील यांना ३ लाख ४४ हजार मिळाली, आणि तीही काँग्रेसच्या नव्हे, स्वाभिमानीच्या चिन्हावर. त्या तीन लाख मतांनी पडळकरांची किंमत रातोरात वाढली. काही महिन्यांत ते भाजपमध्ये परतले, अजित पवारांविरुद्ध बारामतीत लढले, अनामत रक्कम गमावून बसले, तरी २०२० ला विधान परिषदेवर गेले आणि २०२४ ला जतमधून विधानसभेत पोचले.

जानकरांनी जे पक्ष काढून साधायचा प्रयत्न केला, ते पडळकरांनी पक्षाशिवाय साधले. पण दोघांच्याही मागे असलेला मतदार एकच आहे, आणि त्याची मूळ मागणी जिथल्या तिथे आहे.

ती मागणी म्हणजे अनुसूचित जमातीचे आरक्षण. आज धनगर समाजाला भटक्या जमाती ‘क’ प्रवर्गात साडेतीन टक्के आरक्षण आहे. केंद्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत महाराष्ट्रासाठी ‘धनगड’ अशी नोंद आहे, ती आपलीच, असा समाजाचा दावा. २०१४ च्या उन्हाळ्यानंतर बारामतीत यासाठी उपोषण झाले, तेव्हा भाजपचे तत्कालीन प्रदेशाध्यक्ष फडणवीस यांनी सत्ता आल्यावर हा प्रश्न सोडवण्याचे आश्वासन दिले होते. त्या आश्वासनावर मते पडली. पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेकडून अभ्यास करून घेण्यात आला, मोर्चे निघाले, सरकारे बदलली. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याबाबतच्या याचिका फेटाळल्या. दुसरीकडे आदिवासी आमदारांचा या मागणीला ठाम विरोध आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये विधानसभेचे तेव्हाचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी याच विरोधातून मंत्रालयातल्या संरक्षक जाळीवर उडी घेतली, ती दृश्ये राज्याने पाहिली. म्हणजे कुठलाही मोठा पक्ष हा प्रश्न एका बाजूने सोडवायला गेला तर दुसरीकडे त्याला फटका बसणार. म्हणून प्रत्येक जण आश्वासन देतो, समिती नेमतो आणि निवडणूक काढतो.

हे केवळ महाराष्ट्रात घडते असे नाही. उत्तर प्रदेशात ओमप्रकाश राजभर यांचा सुहेलदेव भारतीय समाज पक्ष २०१७ ला भाजपबरोबर सत्तेत गेला, २०१९ ला मंत्रिमंडळातून बाहेर पडला, २०२२ ला समाजवादी पक्षाबरोबर लढला, २०२३ ला परत भाजपकडे आला आणि २०२४ ला राजभर पुन्हा मंत्री झाले. एका जातिसमूहाची मते, एक नेता आणि दर निवडणुकीला नवा हिशेब, हे चित्र तिथेही तेच. फरक इतकाच, की राजभर यांची मते पूर्वांचलात एका सलग पट्ट्यात आहेत, त्यामुळे त्यांचे आमदार निवडून येतात. धनगरांची मते पळसावड्यापासून गंगाखेडपर्यंत विखुरली आहेत.

माणदेशात आता आणखी एक बदल होतो आहे. टेंभू योजनेचे पाणी आटपाडी, कवठेमहांकाळकडे आले. उरमोडीचे पाणी माणमध्ये पोचले. जिहे-कठापूर योजना माण-खटावसाठी उभी राहिली, तिला खटावचे संघ कार्यकर्ते लक्ष्मणराव इनामदार यांचे नाव दिले गेले. पाणी ज्याने आणले, तो नेता मोठा, असा इथला नवा मापदंड आहे. डाळिंब आणि ऊस लावणाऱ्या धनगर शेतकऱ्याच्या मागण्या मेंढरे घेऊन फिरणाऱ्या धनगरापेक्षा वेगळ्या होत चालल्या आहेत. पाणी आणायला सत्ता लागते, निधी लागतो, आणि तो मोठ्या पक्षाच्या हातात असतो. साहजिकच या तालुक्यांतले महत्त्वाकांक्षी कार्यकर्ते थेट मोठ्या पक्षाकडे वळतात. जानकरांच्या जन्मगावाभोवतीच रासपची जमीन आक्रसली, याचे हे एक मोठे कारण आहे.

२०२४ च्या विधानसभेला जानकर स्वबळावर लढले. गंगाखेडमध्ये गुट्टे पुन्हा जिंकले, पण महायुतीने ती जागा त्यांच्यासाठी सोडली होती. म्हणजे पक्षाध्यक्ष महायुतीबाहेर आणि एकमेव आमदार महायुतीच्या पाठबळावर, अशी स्थिती. जानकरांची विधान परिषदेची मुदत त्याच वर्षी संपली. राहुल कुल भाजपचे आमदार, पडळकर भाजपचे आमदार, राम शिंदे विधान परिषदेचे सभापती. धनगर समाजाच्या मतांवर उभ्या राहिलेल्या राजकारणाचा सत्तेतला वाटा वाढला, आणि ज्या पक्षाने ते राजकारण माणदेशातून सुरू केले, तो सत्तेबाहेर राहिला.

जानकरांवर टीका करण्यासारखे पुष्कळ आहे. माढ्यातून परभणीला जाण्याचा निर्णय माणमधल्या कार्यकर्त्यांनाही पचला नसेल, हे उघड आहे. उमेदवार बाहेरून आणायची सवय पक्षाला महागात पडली. दुसरी फळी उभी राहिली नाही, आणि जी राहिली ती टिकली नाही. पण दोष फक्त नेत्याचा म्हणून सोडून देता येत नाही. अनुसूचित जमातींची यादी बदलायचा अधिकार राज्यघटनेच्या कलम ३४२ नुसार संसदेचा आहे. विधानसभेतला एक आमदार ते करू शकत नाही, एक खासदारही करू शकत नाही. त्यासाठी दिल्लीत बहुमत असलेल्या पक्षाला गाठावे लागते, किंवा ज्याला उद्या बहुमत मिळेल असे वाटते त्याच्याशी आधीच बोलणी करावी लागतात. २०२९ च्या आधी माढा, बारामती, परभणी की सांगली, आणि कुणाबरोबर, हा प्रश्न रासपपुढे पुन्हा येणार आहे. त्या बोलणीत जागा किती मागायच्या याबरोबरच संसदेत विधेयक कधी मांडणार, हे तारखेसह लिहून घेण्याची अट रासप घालतो का, हे माण आणि आटपाडीच्या मतदाराने विचारायला हवे.